मात्सूआईचं माहेर

आमच्या इनपू गावातलं दर्याच्या देवीचं, मात्सूआईचं देऊळ जुनं आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. वाद आहे तो नदीच्या मुखाशी असलेल्या साजाओ गावातल्या तिच्याच देवळाशी. आमच्या भागात जुनं देऊळ आईचं आणि त्यातून निघालेलं नवं देऊळ लेकीचं मानतात; लेकीच्या देवळातली देवी दर वसंतात पालखीत बसून आईच्या देवळात माहेरपणाला जाते. इनपू आणि साजाओ दोघंही स्वतःलाच माहेर समजतात, त्यामुळे एकाची पालखी कधी दुसऱ्याकडे गेलेली नाही.

दंतकथा मात्र दोन्हीकडे एकच. वादळानंतर कापराच्या झाडाचा ओंडका काठाला लागला, त्यातून देवी कोरली. आमचे लोक सांगतात, तो डोंगरातून आला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला आधी आम्हाला दिसला. साजाओवाले सांगतात, समुद्रातून आला, म्हणजे आधी त्यांना. आमच्या नदीचं पाणी भरतीला उलटं वाहतं, तेव्हा पाण्याची साक्ष काढून उपयोग नव्हता.

यंदा देवीने कौल देऊन माझ्या आत्याला, युचानला, उत्सवाची प्रमुख नेमलं. हा मान जन्मात एकदाच मिळतो. आपल्या वर्षात साजाओची पालखी इनपूला यावी, एवढंच आत्याला हवं होतं.

त्या हिवाळ्यात दोन्ही मूर्ती लाखेच्या नव्या लेपासाठी शहरातल्या एकाच कारागिराकडे आल्या. मी त्याच शहरात लाकडाचा अभ्यास करते. आत्याचा लगेच फोन आला.

"जिंगवेन, एवढी शिकलीस, आता देवीसाठी काहीतरी कर. आपली थोरली, एवढं दाखवून दे."

"आत्या, मी फक्त बघू शकते."

"बघ की. बघितलंस की दिसेलच."

साजाओचे प्रमुख, म्हातारे झुआंग, कारागिराकडे ठाण मांडून बसले होते. "बघ पोरी, खुशाल बघ. फक्त आत्याचा चष्मा लावून बघू नकोस."

लाख उतरली होती. मी दोन्ही मूर्तींच्या तळांचे फोटो काढले आणि एक फोटो आरशातल्यासारखा उलटा करून दुसऱ्यावर ठेवला. वलयं, एक तिरकी चीर आणि बदामाएवढी गाठ, सगळं तंतोतंत जुळलं. ओंडका एक, करवतीचा काप एक, कापाच्या दोन बाजूंना दोन देवी.

मूर्ती आपापल्या देवळांत परतल्या, तेव्हा मी आमच्या देवळात आत्याला सांगितलं, "जुळ्या आहेत."

"जुळ्यांतही एक आधी जन्मते."

"करवतीने दोघी एकदमच वेगळ्या झाल्या, आत्या."

आत्या उंबऱ्यावर बसली. "म्हणजे आई नाही, लेक नाही. मग माझ्या वर्षात येणार कोण?"

मग ती उठली आणि तिने कौलाची चंद्रकोरीसारखी दोन लाकडं हातात घेतली. एक उताणं आणि एक पालथं पडलं तर होकार, दोन्ही पालथी तर नकार, दोन्ही उताणी तर देवी हसली.

"आई, साजाओवाल्यांनी इथे यावं ना?"

दोन्ही उताणी. पुन्हा टाकली, पुन्हा उताणी.

"दर वर्षी हाच प्रश्न आणि हेच हसू," पुजारी कौतुकाने म्हणाले. "देवी खूश आहे."

"खूश कसली! आपल्याला हसतेय," आत्या म्हणाली. "प्रश्नच खुळा आहे." तिने लाकडं कपाळाला लावली. "बाई गं, बहिणीला भेटायचंय का?"

होकार. लागोपाठ तीनदा.

"पण कुणी जायचं, ते विचारलंच नाहीस," मी म्हटलं.

"ते देवीला काय विचारायचं? माझ्या गुडघ्यांना विचारलं. जा म्हणाले."

वसंतात आमची पालखी सनई आणि फटाक्यांच्या गजरात साजाओला पोचली. झुआंग दारातच उभे होते. "आलात एकदाचे माहेरी!"

"माहेरी कसलं, झुआंगभाऊ? बहिणीकडे आलोय. आता परतभेटीला आला नाहीत, तर साजाओला रीतभात नाही असं गावभर होईल."

लोक हसले. झुआंगना मागे सरता येईना. "येऊ की. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी प्रमुख दुसरं कुणी असेल. परवा या. रश्श्यातल्या शेवया करते."

"शेवयांत कालवं घालणार ना?"

"भरपूर," आत्या म्हणाली. "फक्त पालखी जरा वाकवून आणा. आमचं दार बुटकं आहे."