माशाची डावी बाजू

माशाची डावी बाजू दाखवायची आणि उजवी कापायची. संग्रहालयाच्या मत्स्यविभागात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जातं. फोटो डाव्या बाजूचा, चित्र डाव्या बाजूचं, भिंतीवरची प्रतिकृतीही डाव्याच बाजूची. म्हणून तर पुस्तकांतले बहुतेक मासे डावीकडे तोंड करून निघालेले दिसतात. मांसाचा नमुना हवा असेल, तर मासा उलटवायचा आणि सुरी उजव्या कुशीत घालायची. सूनबाई हा धडा नवख्यांना इतक्या ठसक्यात द्यायची, की तिचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले पक्षीवाले दार लावून घ्यायचे.

आणि त्याच सूनबाईने, पहिल्यांदाच हाती आलेल्या दुर्मीळ माशाच्या डाव्या कुशीत सुरी घातली.

सूनबाई हे तिचं नाव पडलं त्याला कारण होतं. संग्रहालयासाठी प्राण्यांच्या प्रतिकृती करणारे मास्तर तिचे सख्खे सासरे. ती संशोधक म्हणून रुजू झाली त्या दिवशी मास्तर भर बैठकीत आले, "सूनबाई, डबा घरीच विसरलीस," म्हणाले आणि डबा तिच्यापुढे ठेवून निघून गेले. तेव्हापासून तिच्या पदव्या कागदावर राहिल्या. विभागप्रमुख बाईसुद्धा, ज्या कुणी घरगुती नावाने हाक मारली तरी चष्म्याच्या वरून बघतात, त्याही तिला सूनबाईच म्हणू लागल्या.

यंदा सूनबाईला पहिल्यांदाच स्वतःचं दालन मिळालं होतं. म्हणजे एकच भिंत, पण अख्खी. त्या भिंतीवर एक कुटुंब मांडायचं होतं: बांगडा, सुरमई, ट्यूना, म्हणजे बाजारातला कुपा, आणि कुप्याचा धाकटा भाऊबंद बोनिटो. सगळे पट्टीचे पोहणारे आणि पक्के शिकारी. अंग दोन्ही टोकांना निमुळतं. पाण्याचा अडथळा नको म्हणून पाठीवरचा पर खाचेत मिटून घ्यायची सोय. शेपटी चंद्रकोरीसारखी आणि तिच्या अलीकडे, पाठीवर नि पोटाखाली, करवतीच्या दातांसारखे बारके बारके पर. हे बारके पर म्हणजे या घराण्याचं नाक. बांगड्यालाही आहेत आणि माणसापेक्षा जड होणाऱ्या ट्यूनालाही.

सूनबाईने भिंतीवर या घराण्याचा वृक्ष आखला होता. एका फांदीवर बांगडे, एकीवर सुरमया, एकीवर बोनिटो, आणि शेवटी ट्यूना, ज्यांनी स्वतःचं रक्त गरम ठेवायची युक्ती साधली. पण या सगळ्या फांद्या फुटण्याच्या आधी, अगदी बुंध्याशी, एकच फांदी वेगळी निघत होती आणि तिच्यावर एकच मासा होता. दक्षिणेच्या थंड समुद्रातला. खवले मोठाले, नाण्यांसारखे. लहानपणी पोटाखालचे पर इतके लांबरुंद आणि काळेभोर, की मासा पंख मिटून बसलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. पण शेपटीजवळ बघावं, तर तेच घराण्याचे बारके पर! उपकुटुंबात हा एकटा, आणि दुसऱ्या उपकुटुंबात बाकी सगळं गणगोत.

"लोक ट्यूना बघायला येतात गं," बाई बैठकीत म्हणाल्या होत्या. "हा तुझा फुलपाखरू कुणाला ठाऊक?"

"म्हणूनच बाई. याच्याशिवाय झाडाला पहिला फाटाच नाही. मग ते झाड कसलं, नुसती काठी."

बाईंना काठी हा शब्द झोंबला असावा. "बरं. आण. पण प्रतिकृती बाकीच्यांच्या तोडीची हवी आणि तोंड बाकीच्यांच्याच दिशेला. एक जरी उलटा टांगलास, तरी लोक तेवढाच बघून हसत जातील."

"हे मी वेगळं सांगायला हवं का? डावी बाजू म्हणजे डावी," सूनबाई म्हणाली होती. वर हसलीही होती.

एका संशोधन जहाजाकडून मासा आला तो बर्फात घट्ट गोठून. हातभर लांबीचं पिल्लूच, पण पोटाखालचे पर शाबूत. सूनबाईने तो हळूहळू सैल होऊ दिला, सुया लावून पर पसरवले, डाव्या बाजूचे झकास फोटो काढले. तेवढ्यात प्रयोगशाळेचा माणूस बर्फाची पेटी घेऊन दारात हजर. त्यांना जनुकांसाठी बारीक तुकडा हवा होता आणि कुशीतल्या लालसर स्नायूचा तळहाताएवढा चौकोन. "मॅडम, खाली गाडी चुकीच्या जागी लावलीय," तो म्हणाला आणि दर श्वासाला घड्याळ बघू लागला. सूनबाईने सुरी घेतली, कातडीसकट चौकोन नीट कापला, पेटीत ठेवला, सही केली. सगळं काटेकोर. फक्त फोटो झाल्यावर मासा उलटवायचा राहून गेला.

हे तिच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर साचा घ्यायला बसले आणि त्यांनी ओलं फडकं बाजूला केलं.

"सूनबाई, जरा इकडे येतेस?"

आवाज फार गोड होता. लग्न झाल्यापासून तिला कळून चुकलं होतं, की बाबांचा आवाज असा गोड आला की समजावं, काहीतरी फुटलंय.

ती आली. तिने बघितलं. माशाच्या डाव्या कुशीत, अगदी मधोमध, खिडकी होती.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं आणि विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला.

"उंदीर असेल," मास्तर म्हणाले. "शिकलेला दिसतोय. कडा कशा सरळ कापल्यात बघ."

"बाबा, थट्टा नका करू. आता काय करायचं?"

"उजवी बाजू छान आहे. तिचा साचा घेतो."

"मग तो उजवीकडे तोंड करून निघेल! सगळं घराणं एकीकडे, हा एकटा दुसरीकडे. बाई येऊ देतील भिंतीवर?"

"नाही देणार," मास्तर शांतपणे म्हणाले. "आणि मीही टांगणार नाही. बाजारातून परतताना वाट चुकल्यासारखा दिसेल तो."

उजवी बाजू संगणकात घेऊन आरशासारखी फिरवायची आणि यंत्रावर छापून आणायची, हा एक मार्ग होता. पण ते यंत्र दुसऱ्या शहरात, आणि दालन तर पुढच्या आठवड्यात उघडायचं. दुसरा मासा मिळण्याची आशा नव्हती. सूनबाईने थोडा वेळ स्टुलावर बसून काढला, मग उठली आणि तडक बाईंच्या खोलीत गेली. झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने जे झालं ते सांगितलं.

बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. "नवख्यांना शिकवतेस ना तू हे?"

"हो बाई."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," बाई म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "गुरुवारी मी बघायला येईन. डागडुजी माझ्या डोळ्यांना दिसली, तर मासा कोठारात आणि तुझ्या झाडाची काठी. कबूल?"

"कबूल," सूनबाई म्हणाली. नाही म्हणून सांगते कुणाला.

मास्तरांनी खिडकी मेणाने भरली. पण नुसतं मेण गुळगुळीत, आणि या माशाचे खवले एवढे ठळक, की ती जागा टकलासारखी चमकू लागली. खवले कोरून काढायचे त्यांनी मनावर घेतलं, पण मोठे खवले एकावर एक असे बसलेले असतात, की हाताने कोरलेला प्रत्येक खवला ओरडून सांगत होता, मी उपरा. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. उजव्या कुशीच्या त्याच जागेवर रबर ओतून छोटा साचा घेतला, त्यात मेणाचं पातळ ठिगळ पाडलं. खवले हुबेहूब. ठिगळ डाव्या बाजूला धरलं आणि दोघांनीही एकदमच तोंडं वाकडी केली. खवल्यांच्या मोकळ्या कडा शेपटीऐवजी डोक्याकडे.

"मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं झालं," मास्तर म्हणाले. त्यांनी ठिगळ टेबलावर ठेवलं. "उजवं ते उजवंच. डावा पाय उजव्या बुटात जाईल का? चल, घरी जाऊ. तुझी सासू वाट बघत असेल."

सूनबाई हलली नाही. ती ठिगळाकडे बघत होती. बूट आणि ठिगळ यांत काहीतरी फरक होता आणि तो तिला नेमका पकडता येत नव्हता. बुटाला तळ असतो, तो खालीच हवा. ठिगळाला काय असतं? डोक्याकडची कड, शेपटीकडची कड, पाठीकडची, पोटाकडची. या चारांतल्या किती कडा जागच्या जागी हव्यात?

"बाबा, खवले कुणीकडे झुकतात यावरच सगळं आहे ना? शेपटीकडे झुकले की झालं?"

"झालंच."

"मग शेपटीकडची कड शेपटीकडे जाऊ दे. पाठीकडची पोटाकडे गेली तर जाऊ दे."

तिने ठिगळ टेबलावरच अर्धं फिरवलं, वरची बाजू खाली, आणि खिडकीवर धरलं. खवले शेपटीकडे झुकले. मास्तर खाली वाकले. ठिगळाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"म्हणजे तेवढ्या जागेपुरता मासा डोक्यावर उभा," ते शेवटी म्हणाले.

"कुशीच्या मध्यावर वरचे नि खालचे खवले सारख्याच मापाचे आहेत, मी बघितलंय. कुशीवरची बारीक रेघ खिडकीच्या बरीच वरून जाते, तिला धक्का नाही. गोलाईसुद्धा वरखाली सारखीच. फक्त रंग..."

"रंगाचं मला सांगू नकोस," मास्तर उसळून म्हणाले. "मेणाला कुठला आलाय रंग? सगळा मासाच मी रंगवणार आहे, तुझं ठिगळही त्यात आलं." मग जरा थांबून, "हे शाळेत शिकवतात?"

"हे नाही शिकवत."

"मग फी परत माग."

घरी जायला उशीर झाला तो झालाच. सासूबाईंनी दार उघडलं, दोघांच्या बाहीवरचं मेण बघितलं आणि म्हणाल्या, "मासा आणलात का तरी? नाही? मग हा वास कुठल्या आनंदात?" पण ताटं वाढताना सासऱ्या-सुनेची हसरी तोंडं बघून त्याही हसल्या. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, तर जेवण निवेपर्यंत खवल्यांवर व्याख्यान झालं असतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

पुढचे दिवस सूनबाई मास्तरांच्या खोलीत जायची आणि त्यांच्या पाठीशी उभी राहायची. ठिगळाच्या कडा तापल्या सुईने मिटवून झाल्या. मासा वाळूत अर्धा पुरून सबंध डाव्या बाजूचा साचा झाला. त्यातून रेझिनची प्रतिकृती निघाली, पांढरीफटक, भुतासारखी. मग मास्तर रंगांच्या बाटल्या घेऊन बसले: पाठीला गर्द निळा, कुशीला चंदेरी, परांना काळा, त्यात किंचित जांभळी झाक. "जरा बस की," ते म्हणायचे. "तू उभी राहिलीस की माझा हात परीक्षेला बसतो." ती बसायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी असायची.

गुरुवारी बाई आल्या त्या बॅटरी घेऊनच. प्रतिकृती टेबलावर ठेवली होती. बाईंनी आधी लांबून बघितलं, मग जवळून, मग उजेड तिरका पाडून. मास्तर खिडकीबाहेर बघत, कुंचला पुसत होते. तो कुंचला केव्हाच कोरडा झाला होता.

बाईंचं बोट शेपटीच्या अलीकडे, एका जागी थांबलं. तिथे खवले जरासे विस्कटलेले होते.

"सापडलं," बाई म्हणाल्या.

मास्तर वळले. सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर हसू आवरलं नसतं.

"बाई, ते नाही. ती माशाची स्वतःची खोड आहे. याहून लहान असताना कुणीतरी चावा घेतला असेल, खवले पुन्हा आलेत."

"मग कुठंय?"

सूनबाईने त्यांचा हात धरून बोट नेमक्या जागी ठेवलं. बाईंनी ते पुढे फिरवलं, मागे फिरवलं. चष्मा वर केला, खाली केला. डोकं एका बाजूला कलतं केलं.

"इथे?"

"तिथेच. तेवढा चौकोन उजव्या कुशीतला आहे, वरचं खाली करून बसवलेला."

बाई पुन्हा वाकल्या. या वेळी त्या चूक शोधत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. शाळकरी मुलीसारखं त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं होतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ही कुणाची अक्कल?"

"फिरवणं तिचं," मास्तर म्हणाले. "कापणंही तिचंच. मी आपला मधल्यामधे."

"लावा भिंतीवर," बाई म्हणाल्या आणि बॅटरी बंद केली. दारातून वळून म्हणाल्या, "आणि सूनबाई, नवख्यांना पुढच्या वेळी हेही शिकव. आधी काय करायचं नाही ते, आणि मग केलं तर काय करायचं ते."

दुपारी दोघांनी मिळून मासा वर नेला. मास्तर शिडीवर, सूनबाई खाली, आधी उजवीकडे जरा, नाही, वर, आता खाली. स्क्रू बसले. झाडाच्या बुंध्याशी, इतर सगळ्या फांद्या फुटण्याच्या आधी, काळे पंख पसरून तो निघाला, डावीकडे, आणि त्याच्यामागून बांगडे, सुरमया, बोनिटो आणि सगळ्यांत शेवटी प्रचंड ट्यूना. अख्खं घराणं एका दिशेला.

"प्रयोगशाळेचा निकाल आला आणि हा या घरातला नाहीच असं निघालं तर?" मास्तरांनी शिडीवरूनच विचारलं.

"तर काढावा लागेल."

"मग मी हे स्क्रू फार आवळत नाही."

"आवळा, बाबा," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे अजून माशावरच होते. "आज आहे ना इथला. आवळा."