हिरवी चमक विझेना

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. ज्या कारागिराने माझी भिंगं घासली, तो प्रत्येक भिंग उजेडात धरून दहादा निरखायचा. संशय घ्यायला मी त्याच्याकडूनच शिकलो. पुढे बावीस वर्षं पानांच्या पेशी पाहिल्या आणि कळलं, पेशी माझ्याहून संशयी! तिथे सतत प्रथिनं तयार होतात. एखाद्याची घडी चुकली, तर मदतनीस प्रथिनं आधी ती नीट करून पाहतात. नाहीच जमलं, तर त्याला एक खूण चिकटवली जाते. खूण दिसली की पेशीतलं पिंपासारखं यंत्र त्याचे तुकडे करतं. ते तुकडे पुन्हा कामी येतात.

आमच्या मॅडमनी अशी रोपं वाढवली होती, की त्यांच्यातलं एक बिघडलेलं प्रथिन माझ्याखाली हिरवं चमकायचं. संध्याकाळपर्यंत पेशी त्याचा निकाल लावायची, चमक विझायची. पाहुणे माझं कौतुक करायचे.

एका आठवड्यात मात्र चमक विझेना. उलट हिरव्या गाठी साचू लागल्या.

"हे म्हातारं खोटं दाखवतंय," मॅडम म्हणाल्या आणि माझ्यावर कव्हर टाकलं. शेजारच्या नव्या सूक्ष्मदर्शकानेही तेच दाखवलं, तेव्हा त्यांचा रोख रोपं सांभाळणाऱ्या काकांकडे वळला.

"काका, खरं सांगा. कुंड्यांची अदलाबदल केलीत?"

"नाही हो, मॅडम."

"मग काही फवारलंत?"

"अठरा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं," एवढंच काका बोलले.

ते गेल्यावर मॅडमनी वरिष्ठांना फोन लावला. "उद्यापासून दुसरा माणूस द्या." कव्हराखाली मला सगळं ऐकू येत होतं. मलाही वाटलं, काकांनीच काहीतरी केलं असणार.

सकाळी कामावरून काढल्याचा निरोप मिळालेले काका किल्ली परत द्यायला आले. जाता जाता रोपांना शेवटचं पाणी घालायला आत गेले आणि लगेच परतले.

"मॅडम, रोपांच्या चौथ्या फळीला हात लावून बघा."

फळी चांगलीच तापली होती. रोपांना उजेड देणाऱ्या दिव्यांमागचा पंखा अडकला होता. उष्णतेने इतकी प्रथिनं बिघडत होती, की तुकडे करणाऱ्या यंत्राला ती आवरेनात.

पंखा दुरुस्त झाला. नवी रोपं आली, माझं कव्हर निघालं. संध्याकाळी चमक विझली.

"काका, चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या.

"होतं असं," काका म्हणाले. काम त्यांच्याकडेच राहिलं. पण आता कुंडीला हात लावण्याआधी ते मॅडमना हाक मारतात.

"अहो काका, कशाला?"

"असू दे. तुम्ही बघून घ्या."

मित्रांनो, माझ्यावरची शंका कव्हर काढलं तशी संपली. माणसावर शंका घेताना जरा जपा.