वरीलप्रमाणे

“मागच्या खेपेला तुम्हीच आला होतात ना, ताई?” दार उघडल्याबरोबर कुलूपवाल्याने विचारलं.

कचेरीकडून गणनेला आलेल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. दहा वर्षं चेहरा लक्षात ठेवणारा माणूस एक तर तक्रार करणार, नाहीतर गप्पांना बसवून घेणार. आणि आज दोन्हींना वेळ नव्हता. पिशवीत बावीस कोरे तक्ते होते आणि दुपारचे दोन वाजून गेले होते.

“मीच. ओळखलंत की,” त्या हसून म्हणाल्या आणि आत आल्या.

दर दहा वर्षांनी कचेरी त्याच गल्ल्यांत, त्याच घरांत माणसं पाठवायची. घरात माणसं किती, कमावती किती, शिकलेली किती. असे तेरा प्रश्न झाले की चौदावा यायचा: देव आहे असं आपण मानता का? होय, नाही, सांगता येत नाही. पहिल्या तेरांकडे पुढे कोणी ढुंकून बघत नसे. चौदाव्याची मात्र वर्तमानपत्रं डोळ्यांत तेल घालून वाट बघायची. जगात नास्तिक वाढताहेत की कमी होताहेत, यावरून शिकलीसवरलेली माणसं हमरीतुमरीवर यायची. सकाळीच साहेबांनी बाईंना टेबलापाशी बोलावून घेतलं होतं. “मॅडम, बाहेरच्या देशांचे आकडे येऊन पडलेत. कुठे वाढलेत, कुठे घटलेत. आपलंच घोडं अडलंय. संध्याकाळी गठ्ठा पाहिजे मला.” साहेब बाईंच्या मुलाच्या वयाचे. बाईंना निवृत्तीला तीन महिने राहिलेले. मान डोलावण्यापलीकडे त्या काय करणार!

कचेरीत त्यांना टाचणीबाई म्हणत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद सुटा गेला नव्हता, आणि त्यांचा गठ्ठा कधी उशिरा पोचला नव्हता. कामाची एक युक्ती होती आणि ती सगळेच करत. नियम असा की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला वेगळं आणि समक्ष विचारायचं. प्रत्यक्षात दारात जो येई त्याचं उत्तर पहिल्या ओळीत लिहायचं आणि खालच्या ओळींत घालायचं, ‘वरीलप्रमाणे’. एका पातेल्यातलं जेवणारी माणसं. त्यांचं मत असं काय वेगळं असणार?

कुलूपवाल्याचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे जुडगे, कोपऱ्यात कानस आणि पकडी नीट ओळीने लावलेल्या. दहा वर्षांपूर्वी याच खुर्चीवर बसवून त्याने बाईंचं डोकं खाल्लं होतं. देव ही घाबरट माणसांची सोय आहे, इथपासून जे सुरू झालं ते अर्ध्या तासाने थांबलं. आता तो वाळला होता. तोंडाचा पट्टाही थंडावला होता.

“घरात किती जण?” बाईंनी तक्ता मांडीवर घेतला.

“एक.”

बाईंचं पेन थांबलं.

“बायको गेल्या वर्षी गेली,” तो म्हणाला. “तुम्ही येणार म्हणून वाट बघत होतो, ताई. गल्लीत कचेरीची माणसं फिरताहेत असं सोमवारी कळलं, तेव्हापासून दुकान सोडून कुठे गेलो नाही. एक विचारायचं होतं. मागच्या वेळी ती काय म्हणाली?”

“कशाबद्दल?”

“चौदाव्या प्रश्नाबद्दल. तुम्ही तिला वेगळं विचारलं असेल. नियम आहे ना तसा? तक्त्याच्या खालीच छापलेलं असतं. मी तेव्हाच वाचलं होतं.”

बाईंना सगळं लख्ख आठवलं. आतल्या दारात ती उभी होती, हातात ओलं ताट आणि फडकं. कुलूपवाला म्हणाला होता, “आमच्या घरात देवबिव काही नाही. दोघांचंही ‘नाही’ लिहा.” बाईंनी रीत म्हणून मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं. तिने ओठ उघडले होते. मग ती हसली आणि म्हणाली, “पाणी देऊ का?” तोवर बाईंनी दुसऱ्या ओळीत ‘वरीलप्रमाणे’ लिहून टाकलं होतं. पाणी प्यायल्या होत्या, आभारही मानले होते.

“का हो, आत्ता कशाला ते?” बाईंनी विचारलं.

तो उठला आणि आतून शिवणाचा डबा घेऊन आला. पत्र्याचा डबा, त्याला इवलंसं पितळी कुलूप.

“हे मीच बसवून दिलं होतं. तिनेच मागितलं. मी चेष्टाही केली, सुया कोण चोरणार तुझ्या म्हणून. किल्ली एकच, तिच्यापाशी. ती गेल्यावर उघडला तर तळाशी हा सापडला.”

घड्या पडलेला कागद त्याने बाईंपुढे धरला. अक्षर बारीक, सावकाश काढलेलं. *उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. त्यांचे डोळे राहू देत. माझं काय घ्यायचं ते घे. आणि मी मागितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.*

“आठ वर्षांपूर्वीचं,” तो म्हणाला. “तुम्ही येऊन गेलात त्यानंतरचं. आता घाबरलं की कोणीही हात जोडतं, त्याचं मला काही नाही. तो एका दिवसाचा घाबरटपणा असेल तर असो. पण शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं, ‘कोणाला बोलवायचं का?’ मी म्हटलं, डॉक्टर आत्ताच येऊन गेला की. ती ‘बरं’ म्हणाली.” त्याने डब्याचं कुलूप बोटाने चाचपलं. “डॉक्टरबद्दल नसेल विचारलं तिने, ताई. तिला कोणीतरी उशाशी बसून चार शब्द म्हणायला हवं असेल. आणि मी तिला तशीच, मुकाट नेली. एक शब्द कोणाला म्हणू दिला नाही. तत्त्व म्हणून.”

बाईंनी तो कागद टेबलावर ठेवला.

“तिने तुम्हाला स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ सांगितलं असेल ना, तर माझं मिटलं. तेवढंच सांगा.”

एक शब्द तर होता. त्या शब्दाने हा माणूस रात्री झोपला असता, आणि खोटं ठरवायला ती बिचारी येणार नव्हती. बाईंनी चष्मा पुसला.

“विचारलं होतं की,” त्या म्हणाल्या. “‘नाही’ म्हणाल्या.”

त्याचा जीव असा भांड्यात पडला की बाईंना बघवेना. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं, दोनदा ‘बरं झालं’ म्हणाला आणि एकदम त्याला पाहुणचाराची आठवण झाली. “चहा टाकतो. बसा हं, जाऊ नका,” म्हणत तो आत गेला. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. कुठली वस्तू कुठे आहे हे अजून त्याच्या हाताला नीट कळलेलं नव्हतं. डबे उघडत होते, मिटत होते.

बाईंनी तक्त्याकडे बघितलं. तळाशी तो छापील मजकूर होता आणि त्याखाली सहीची जागा: *घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस मी स्वतंत्रपणे व समक्ष विचारले आहे.* चौतीस वर्षं त्यांनी तिथे सही केली होती. वरचा मजकूर वाचला मात्र कधी नव्हता. शेजारी तो घडीचा कागद उघडाच पडला होता. ‘त्यांना कळू देऊ नकोस.’ बाईंना वाटलं, एवढं मनात लपवून ठेवणाऱ्या बाईला जगात एकदाच कोणीतरी सरळ प्रश्न विचारायला म्हणून पाठवलं होतं. सरकारी खर्चाने पाठवलं होतं. आणि ती मी होते.

तो कप घेऊन आला तेव्हा त्या उभ्या होत्या.

“मी खोटं बोलले,” बाई म्हणाल्या. “मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुम्ही दोघांचं सांगितलंत, मी लिहिलं. त्यांच्या ओळीत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या असं मला वाटलं होतं, तरीही लिहिलं. मला उशीर होत होता.”

कुलूपवाला कप धरून तसाच उभा राहिला. आता हा ओरडेल, कचेरीत अर्ज करेल, तीन महिन्यांवर आलेली निवृत्ती नासेल, असं सगळं बाईंच्या डोक्यात येऊन गेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“काय बोलणार होती?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. मग ‘पाणी देऊ का’ म्हणाल्या.”

त्याने कप बाईंच्या पुढ्यात ठेवला. बशीत चहा सांडला होता. तो फडकं शोधू लागला, सापडेना, मग शर्टाच्या बाहीनेच टेबल पुसलं.

“तुम्ही एकदा लिहिलंत,” तो म्हणाला. “मी एक्केचाळीस वर्षं.”

बाईंना रडू आलं. परक्याच्या घरात, तक्ता हातात असताना त्यांना आजवर कधी रडू आलं नव्हतं. त्याने त्यांची समजूत घातली नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

“चहा प्या,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “आणि माझं लिहा. नाही. माझं अजून तेच आहे. मी मानत नाही. उगाच तिच्यासाठी ‘होय’ म्हटलं तर ते तिला काय पोचणार? पण तिचं तिला विचारायला हवं होतं हो. एवढं काय जड होतं?”

बाईंनी पहिल्या ओळीत ‘नाही’ लिहिलं. दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारायची असते, घरात माणूस नसेल तर. त्यांनी ती मारली नाही. चहा गोडमिट्ट झाला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

बाहेर आल्यावर त्या डावीकडे वळल्या नाहीत. उरलेली एकवीस घरं डावीकडे होती. पिशवीत वेगळ्या टाचणीने लावलेला सकाळचा गठ्ठा होता, अठरा घरांचा, आणि त्या अठरांत खालची ओळ कोणाचीही स्वतःची नव्हती. संध्याकाळी गठ्ठा पोचणार नव्हता. साहेब काय म्हणतील ते बाईंना तोंडपाठ होतं. नास्तिक वाढले की घटले, हे जगाला आणखी चार दिवस कळलं नाही तर जगाचं काही अडणार नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी ट्रकचालकाचं घर. सकाळी त्यानेच दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं होतं: मानतो, आम्ही सगळेच मानतो, लिहा. आता दार त्याच्या बायकोने उघडलं. हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले.

“काही राहिलं का हो?”

“तुमचं राहिलंय,” बाई म्हणाल्या. “चौदावा प्रश्न. देव आहे असं तुम्ही मानता का?”

“मी?”

आतून चालकाचा आवाज आला, “अगं, सकाळी सांगितलंय मी!”

“तुमचं सांगितलंत,” ती मागे न बघता म्हणाली. मग बाईंकडे बघून तिने आवाज खाली आणला. “थांबाल का जरा? हात धुऊन येते. पटकन सांगण्यासारखं नाही ते.”

“थांबते,” बाई म्हणाल्या.

ती आत गेली. बाईंनी टाचणी काढली, सकाळच्या गठ्ठ्यातला तिचा तक्ता वर घेतला आणि दुसऱ्या ओळीतलं ‘वरीलप्रमाणे’ एका रेघेने खोडलं. आत नळ वाहत होता. बाई पेन उघडून उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.