छत्र्यांची वटवाघळं

छत्रीवाल्याची बायको पावसात भिजत घरी यायची, याचं बाजारात कुणालाच नवल वाटत नसे. दुकानाचा नियमच तसा होता: गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी. आणि गिऱ्हाईक काही संपत नसे.

तिच्या छत्रीच्या तीन काड्या उलट्या झाल्या होत्या, कापडाला एक ठिगळ होतं आणि मूठ तडकली म्हणून तिनं स्वतःच तिला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. एके दिवशी ती चारचौघांसारखी रांगेत उभी राहिली, आपला नंबर आल्यावर छत्री फळीवर ठेवली आणि म्हणाली, "मालक, माझी कधी मिळेल?"

"पुढच्या आठवड्यात."

रांगेतली माणसं हसली. छत्रीवालाही हसला. बाकी सगळ्यांना तो उद्याचा वायदा करायचा आणि पाळायचा. पुढचा आठवडा फक्त बायकोसाठी राखून ठेवलेला होता. छत्री आकड्याला टांगली गेली आणि पुढचा आठवडा काही आला नाही. त्याआधी बायकोच गेली. हृदयाचं दुखणं होतं, छत्रीचा त्याच्याशी काडीइतकाही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण डॉक्टर काय, छत्रीतज्ज्ञ थोडेच.

माणसं भेटून जायची थांबली, तसा छत्रीवाल्यानं दुकानाचा दरवाजा आतून लावून घेतला आणि बायकोची छत्री खाली काढली. काड्या बदलल्या. जुनं कापड उसवून काळं कुळकुळीत नवं चढवलं. चिकटपट्टीची मूठ काढून लाकडाची नवी बसवली, पॉलिश केली. ती छत्री इतकी सुरेख झाली, की तिच्या मालकिणीलाही ओळखू आली नसती. मग त्यानं ती पुन्हा त्याच आकड्याला टांगली, कुणी न्यायला न आलेल्या छत्र्यांच्या रांगेत. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे, आत्ता कसा वेळ मिळाला, हेही सांगावं लागलं असतं.

घरात आता कुणी म्हणजे एकच जण: मुलगी. तिला लहानपणापासून सगळे ठिणगी म्हणत. आकारानं लहान आणि पेटायला वेळ लागत नसे. शिंप्याकडे काजं-बटणं करून कंटाळली आणि नोकरी सोडून सजावटीच्या धंद्यात पडली. वाढदिवसाचे फुगे, दुकानाच्या काचेतली कागदी फुलं, असं चाललं होतं. अशात गावातल्या मोठ्या क्लबच्या मॅनेजरनं तिला बोलावलं. क्लबात हॅलोविनची, म्हणजे भुताखेतांची पार्टी होती, तीनशे माणसांची. ही एक पार्टी जमली तर वर्षभराची सगळी सजावट तिच्याकडे. नाही जमली, तर शिंपी तिची खुर्ची पुसून तयार होताच.

"काहीतरी भव्य पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "माणूस आत आला की दचकला पाहिजे."

"आणि खर्च किती करायचा?"

मॅनेजरनं आकडा सांगितला. ठिणगी तिथंच दचकली.

"खर्च मात्र भव्य नको," तो प्रेमानं म्हणाला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे अंथरूण रुमालाएवढं आणि पाय तीनशे जणांचे. ठिणगीनं क्लबातल्या लाइटवाल्याला हाताशी धरलं. हा लाइटवाला स्वभावानं निराशावादी होता. बल्ब लावतानाही तो जाणार हे गृहीत धरून लावायचा.

"भोपळे आणायचे?" त्यानं विचारलं.

"परवडत नाहीत. नारिंगी फुगे फुगवायचे आणि त्यांच्यावर तोंडं काढायची."

"फुटतील."

"फुटले तर माणसं दचकतील. तेच तर हवंय."

फ्रिजच्या खोक्यांच्या कबरी झाल्या. औषधाच्या दुकानाचं गुदाम साफ करताना निघालेली जाळीची बँडेजं ताणून कोळिष्टकं झाली. खरी कोळिष्टकंही होती, ती क्लबानं वर्षानुवर्षं फुकट जोपासली होती. ठिणगीनं त्यांना हात लावला नाही. एवढं होऊनही हॉलचं छत मोकळंच राहिलं. ते एवढं उंच होतं, की खाली भुतांचं संमेलन भरवलं असतं तरी वर शाळेच्या सुट्टीसारखं रिकामं दिसलं असतं.

त्या दुपारी ती बापाच्या दुकानात जेवणाचा डबा घेऊन गेली आणि सवयीनं वर पाहिलं. आढ्याखाली एका रांगेत छत्र्या टांगलेल्या होत्या. काळ्या, मिटलेल्या, खाली तोंड करून. कुणी न्यायला न आलेल्या.

"बाबा," ती म्हणाली, "ही वटवाघळं आहेत."

"काय?"

"दांडा काढायचा, घेर मधोमध कापायचा, काड्या जरा वाकवायच्या. एका छत्रीची दोन वटवाघळं. अख्खं छत भरून जाईल. बाबा, द्या ना!"

छत्रीवाल्यानं घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावला. लोकांच्या छत्र्या होत्या. पण त्यातली कित्येक माणसं गाव सोडून गेली होती, कित्येक नव्या छत्र्या घेऊन दुकानावरून तोंड चुकवून जायची. आणि पोरगी शिंप्याकडे परत गेलेली त्याला बघवली नसती.

"घेऊन जा," तो म्हणाला. "येईल कोण आता मागायला."

"सगळ्या?"

इथे त्यानं बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: ती लाकडी मुठीची सोडून. पण आईच्या छत्रीचा विषय त्या घरात निघत नसे. आणि तो मनाशी म्हणाला, एवढी नवीकोरी छत्री कोण कापतं? बघेल, चमकेल, विचारेल. मग सांगू.

"बघून ने," तो म्हणाला आणि डबा बंद केला. "मी चहा घेऊन येतो. छत्रीला कात्री लागलेली मला बघवत नाही."

ठिणगीनं खरोखरच बघितलं. कात्री हातात घेण्याआधी तिनं एकेक छत्री उजेडात धरून पाहिली. तिला चिकटपट्टीची मूठ हवी होती आणि ठिगळ. ती छत्री बाजूला ठेवायची, घरी न्यायची, बाबांना न विचारता आईच्या कपाटात ठेवून द्यायची, असं तिनं वर पाहिलं तेव्हाच ठरवलं होतं. पण चिकटपट्टी कुठल्याच मुठीला नव्हती. तिला बरं वाटलं. म्हणजे बाबांनी आधीच जपून ठेवलीय कुठंतरी, ती स्वतःशी म्हणाली. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

मग ती कापत सुटली.

पार्टीच्या दिवशी दुपारी छत्रीवाला ठेवणीतला शर्ट घालून क्लबात आला. पोरीचं काम बघायला तो पहिल्यांदाच येत होता. लाइटवाला शिडीवर होता.

"या काका. जपून, खाली कबरी आहेत. पुठ्ठ्याच्या आहेत, पण लागतात."

छत्रीवाल्यानं मान वर केली. हॉलभर वटवाघळं पसरली होती, कमी उजेडात पंख ताणून, जणू आत्ताच कुणीतरी दरवाजा उघडला आणि ती उडाली. त्याला कापडं ओळखू येत होती. ते विटलेलं मास्तरांचं. ते जाड, टोपी बनवणाऱ्या बाईचं. त्याला वाटलं होतं वाईट वाटेल, पण काम इतकं नेटकं होतं की त्याचा ऊर भरून आला. काड्या कुठं वाकवाव्यात हे पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं असणार.

"कसं वाटतंय?" ठिणगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"झकास."

"आणि खरी गंमत दारावर आहे. आत येताना तुम्ही खालीच बघत होतात. मागे वळा."

तो वळला. दाराच्या चौकटीवर एक जोडी लावली होती, समोरासमोर तोंड करून. बाकी सगळ्यांपेक्षा काळी. एक छिद्र नाही, एक सुरकुती नाही, कापडावर दिव्याची झाक सरकत होती.

"जोडीनं लावली," ठिणगी म्हणाली. "इतकी सुंदर छत्री होती ना, कात्री चालवताना हात थांबला माझा. म्हटलं, कुठलं येडं गिऱ्हाईक असली नवी छत्री टाकून जातं?"

छत्रीवाला दोन पावलं दाराकडे गेला.

"बाबा?"

"मूठ कुठंय तिची?"

"लाकडाची? ती पेटीत आहे. म्हटलं तुम्हाला उपयोगी पडेल." ती थोडी हसली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसू कुठं ठेवावं हे तिला कळेना. "बाबा, आईच्या छत्रीची मूठ तुटकी होती. चिकटपट्टीची. मी शोधली. एकेक मूठ बघितली मी."

"बदलली."

"ठिगळ होतं."

"कापडही नवं घातलं."

"कधी?"

"ती गेल्यावर," छत्रीवाला म्हणाला. "वेळ मिळाला."

ठिणगी सरळ शिडीकडे गेली. "खाली उतर," ती लाइटवाल्याला म्हणाली. "ती जोडी काढायची."

तेवढ्यात मॅनेजर दोन पाहुण्यांना घेऊन दारातून आत आला, जोडीखाली थांबला, वर बघून खरोखर दचकला, आणि टाळ्या वाजवल्या.

"ही! ही जोडी! मॅडम, बाकी सगळं राहू दे, मला हीच हवी होती! फोटोवाल्याला इथंच उभं करतो." पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "वर्षभर आता हीच बाई आमचं सगळं बघणार."

ठिणगी शिडीचा खांब धरून उभी राहिली. बापानं तिच्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी. मग मॅनेजरला म्हणाला, "पोरीचा हात चांगला आहे."

"तुम्ही कोण?"

"कापडाचा पुरवठा माझा."

संध्याकाळी तीनशे माणसं त्या दारातून आली. हौसेनं घाबरली, नारिंगी फुगे फोडले, आणि जोडीखाली उभं राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले. ठिणगी दाराशेजारी उभी होती. फोटोवाला "हसा" म्हणाला की लोक हसायचे आणि ती खाली बघायची. लाइटवाला तिच्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, एकही बल्ब गेला नाही." त्याच्याकडून याहून मोठं सांत्वन मिळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यात आधी दाराशी शिडी लावून वर चढली.

"अहो, ती ठेवा की!" मॅनेजर म्हणाला. "पुढच्या वर्षी लागतील."

"बाकीची ठेवते. ही घरची आहेत."

"असं कसं? पुढच्या वर्षी दारावर काय लावणार?"

"बघू. पुढच्या वर्षाला वेळ आहे," ती म्हणाली, आणि आपण हे कुणाच्या आवाजात बोललो हे कळून शिडीवरच थांबली.

दोन्ही वटवाघळं तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात आणली, लाकडी मूठ त्यांच्याजवळ ठेवली. छत्रीवाल्यानं दोन्ही अर्धे घेर फळीवर एकाला एक लावून पाहिले. वाकवलेल्या काड्या बोटांनी चाचपल्या. त्याला एका नजरेत कळलं, आणि तिलाही कळलं की त्याला कळलंय.

"नवी होईल का?" तरी तिनं विचारलं.

"घेर कापला की ताण जातो. शिवता येईल. पाऊस नाही अडणार."

"मला एकदा सांगायचं होतंत, बाबा."

"तुला एकदा विचारायचं होतं."

दोघंही खरं बोलत होती, त्यामुळे भांडता आलं नाही. ती क्लबाच्या पुढच्या कामासाठी निघून गेली.

छत्रीवाल्यानं सुईत दोरा ओवला आणि शिवणीला सुरुवात केली. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. एक बाई, हातात चाप तुटलेली छत्री, बाहेर आभाळ भरून आलेलं.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता देता?"

त्यानं मान वर केली नाही. "थांबावं लागेल."

"किती?"

"हे झालं की."

बाईनं फळीवर वाकून पाहिलं. मधोमध जाड शिवण, दोन्हीकडे मोडलेले पंख. तिनं बरंच डोकं लावलं. "हे काय आहे हो?"

"बायकोची छत्री," छत्रीवाला म्हणाला. "घरचं काम आहे, आधी करून देतो."