कात्रीने जगवलेला रहस्यपट

मी एक फसलेला रहस्यपट आहे, मित्रांनो. महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये माझा जन्म झाला. कोळसा मिळत नव्हता. संवाद म्हणताना नटांच्या तोंडून वाफ निघे. तरी सर्वांनी जीव ओतून मला घडवले.

लोकांनी मात्र जांभया दिल्या. खुनी कोण, हे अर्ध्यातच कळायचे. ‘यात प्रेताचे काम तेवढे सरस,’ असे एका वर्तमानपत्राने लिहिले.

फिरत फिरत मी फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात, किनाऱ्यावरील एका कोळी गावात आलो. हा शेवटचा मुक्काम. नंतर माझी फीत वितळवून तिचे कंगवे करणार होते.

तिथले चित्रपटगृह चर्चचे. फादर तांगी आदल्या दिवशी चित्रपट तपासत. चुंबन आले की ते काठी आपटत आणि मान फिरवत. यंत्र चालवणारी सोआझिक तेवढा तुकडा कापून टाकी.

तिसरे रीळ. वकील विधवेला जवळ ओढतो. त्याच्या मनगटावर मृताचे

टक्!

“काप!”

“फादर, अजून ओठ टेकले नाहीत.”

“टेकायची वाट बघू का? काप म्हणतो ना!”

माझे वाक्य तुटले, तसाच तो प्रसंगही तुटला. मृताचे घड्याळ वकिलाच्या हातावर दिसे आणि तिथेच सगळे रहस्य फुटे. आता तेच गेले. मान फिरवलेल्या फादरांनाही ते दिसले नव्हते.

रविवारी सभागृह भरले. शेवटचे रीळ चढवायला सोआझिकने दिवे लावले, तशा मासेवाल्या कोरांतीनबाई उठल्या.

“माळीच तो खुनी! हात बघा मेल्याचे!”

“तुमच्या नवऱ्याचे हात काय लोण्याचे आहेत?” मागून कोणी ओरडले.

“गप्प बसा!” फादर बाकावर चढले. “डॉक्टरने मारलंय. शपथेवर सांगतो!”

“शपथ नको फादर, पाप लागेल!”

आणि शेवटी खुनी वकील निघाला! सभागृहातून जो हुंकार उठला, तो ऐकण्यासाठीच मी जन्मलो होतो.

पुढच्या रविवारी पुन्हा हाच हवा, म्हणून गाव हटून बसले. माझ्या रिळांचे डबे न्यायला आलेल्या माणसाला फादरांनी दारातूनच परतवले. “कंगवे कोणाला हवेत? माझ्या डोक्यावर केस आहेत कुठे?”

आज मी चर्चच्या थंड कोठीत सुखाने आहे. त्या काठीचा, त्या कात्रीचा, त्या भांडखोर गावाचा मी ऋणी आहे. मित्रांनो, कोणी फसले म्हणून त्याला लगेच भट्टीत टाकू नका. थोडे थांबून बघा. कदाचित त्याच्यात काही कमी नसेल. थोडे जास्तच असेल.