आतून लाल झालेलं तपेलं

तपेलं चकचकीत होतं, त्यात वादच नाही. वन्संनी ते टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलं आणि ओट्यावर असं ठेवलं, जणू घरात नवी नवरीच आली. वहिनीने आत डोकावून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आतून लालबुंद! सासूबाई होत्या तेव्हा हे तपेलं बाहेरून लाल आणि आतून पांढरं असायचं, कल्हईचं पांढरं. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आत कल्हई हवी, नाहीतर तांबं अन्नात उतरतं आणि खाणारा ओकून ओकून आडवा होतो. सासूबाई गेल्या तशा वन्सं 'आईची आठवण' म्हणत तपेलं घेऊन गेल्या आणि दिवाणखान्यात त्यात सुकलेली फुलं खोचून बसल्या.

"वन्सं, हे आतून कशाने घासलंत?"

"तारेच्या घासणीने, लिंबू-मीठ लावून. हात मोडून आले बघ माझे. काय तो कळकट पांढरा थर होता आत! इतक्या वर्षांत तुला कधी दिसला नाही गं?"

घ्या! लग्न होऊन आल्या दिवसापासून ते तपेलं घासलं कोणी? वहिनीने. बाहेरून चिंच लावून, आतून मऊ फडक्याने, ओरखडा उठू नये म्हणून बांगड्या वर सारून. चिंचेने बोटांना चिरा पडायच्या, तेव्हा ही बाई कुठे होती? जेवायला बसून 'आईच्या हाताची चव' म्हणत बोटं चाटत होती.

"तो मळ नव्हता, ती कल्हई होती," वहिनी म्हणाली. "खरवडून काढलीत तुम्ही सगळी. यात रस्सा व्हायचा नाही. मी स्टीलच्या पातेल्यात टाकते."

"स्टीलमध्ये? अप्पांनी आईसारखा रस्सा मागितलाय!"

मागितला होता, खरंच. अप्पा, म्हणजे सासरे, पोटाचं ऑपरेशन होऊन नुकते घरी आले होते. इतके दिवस नुसती पेज आणि पाणी. तिखट सोडून आता सगळं थोडं थोडं खायला द्या, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं, आणि म्हाताऱ्याने पोरासारखं तोंड करून टोमॅटोचा आंबट रस्सा मागितला. वहिनीला तो द्यायचाच होता. पण शिवलेल्या त्या पोटात तांबं घालायचं?

"अगं, एका दिवसाने काय होतंय?" नवरा पेपरामागून बोलला. "ताई एवढी हौसेने घेऊन आलीय."

"तुम्ही मध्ये पडू नका. त्या तपेल्याला जन्मात हात लावलाय का तुम्ही?"

पेपर पुन्हा वर गेला. वन्सं मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "सरळ सांग ना, आईचं काहीच नकोय तुला या घरात. स्टीलची भांडी काय, ढीगभर मिळतात बाजारात."

हे मात्र वहिनीच्या जिव्हारी लागलं. आईचं नकोय? आईंना शेवटी भरवलं कोणी, पुसलं कोणी, रात्र रात्र उठलं कोणी? ती तोंड उघडणार तोच आतून अप्पांची हाक आली. औषधाची वेळ झाली होती. गोळी देऊन, पाणी पाजून, उशी सारखी करून ती परत आली, तर गॅसवर तपेलं! चिरून ठेवलेले टोमॅटो आत रटरटत होते आणि वन्सं डाव फिरवत होत्या.

"झालंच बघ," त्या म्हणाल्या. "काय रंग आलाय!"

वहिनीने गॅस बंद केला. एवढा राग आला की रडू येईल की काय असं वाटलं, आणि रडले तर ही जिंकली, म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"काही होत नाही गं," वन्संनी गॅस परत पेटवला. "उगाच बाऊ करतेस. आई जन्मभर यातच करायची."

तेवढ्यात वन्संची लेक कॉलेजातून थेट इकडेच आली. बॅग खुर्चीवर फेकली आणि स्वयंपाकघरात घुसली. "मामी, कसला मस्त वास! पोटात कावळे ओरडतायत. दे ना वाटीभर."

वहिनीने फडताळातून वाटी काढली आणि वन्संच्या पुढे धरली.

"वाढा, वन्सं. पहिली वाटी लेकीला."

वन्संनी डाव भरला. भरलेला डाव वाटीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. रस्सा टपटप ओट्यावर गळायला लागला.

"वाढा की."

"तिला... तिची परीक्षा आहे उद्या," वन्सं म्हणाल्या. "आंबट नको आत्ता. तू पोळी खा गं."

"परीक्षा?" लेक म्हणाली. "उद्या रविवार आहे, आई."

वन्संनी डाव तपेल्यात सोडून दिला. वहिनी काही बोलणार, इतक्यात दारात काठी वाजली. अप्पा कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. एका हाताने त्यांनी पोट धरलं होतं. त्यांनी तपेल्याकडे पाहिलं, मग वन्संकडे.

"मला चाललं असतं, होय गं?" अप्पांनी विचारलं.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. वहिनीने गॅस बंद केला, तपेलं दोन फडक्यांनी धरून मोरीत उपडं केलं आणि नळ सोडला. मग अप्पांना खुर्ची सरकवून दिली, स्टीलचं पातेलं चढवलं आणि टोमॅटो नव्याने चिरायला घेतले. पातळ बुडाचं ते पातेलं, रस्सा नेहमीसारखा थोडा खाली लागला. अप्पांनी तो वाटी पुसून खाल्ला, आणि चवीबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.