घरात आलेला घाट

हेमा शेडगे सायकलवरून जेवढा घाट चढायची, तेवढा चढ संध्याकाळपर्यंत तिच्या घरात येऊन बसायचा. हँडलवरच्या जीपीएस यंत्रात चढाई नोंदली गेली, की स्वयंपाकघर खाली राहायचं आणि झोपायची खोली वर जायची. सुरुवातीला ती हरखली होती. मग ताटातले लाडू घरंगळत दारापर्यंत जायला लागले. तिच्या नवऱ्याने, विलासने, पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या आणि हेमाने सायकल गॅलरीत कुलूप घालून ठेवली.

तरीही चढ वाढतच राहिला.

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. यंत्रावर मात्र रोज नवी फेरी दिसायची, ती चढायची त्या बोरखिंडीच्या घाटाचीच. हेमा विलासच्या पायांकडे बघायला लागली. पोटऱ्या भरल्यासारख्या वाटत होत्या. एके दिवशी त्याच्या लेंग्याला काळा डाग दिसला.

"तुम्ही सायकल नेली होती?"

"मी? कुठे?"

"मग हे काळं कसलं?"

"बिजागरीला तेल घातलं. दार तिरकं झालंय."

दार तिरकं झालंच होतं. त्याचं प्रत्येक उत्तर असं खरं निघायचं, म्हणून तिला जास्तच संशय यायचा.

रविवारी सकाळी इंदूबाई सणस आल्या. घाटमाथ्यावर त्यांचं चहाचं हॉटेल होतं.

"बाई, आमचा घाट तुमच्याकडं हाय," उंबऱ्यातूनच वर बघत त्या म्हणाल्या. "तिकडं समदं सपाट झालंय. गाड्या तापत न्हाईत, मग मानसं चहाला उतरतील कशाला? झऱ्याचं पानी जागीच उभं ऱ्हायलंय. कुनीकडं वाहावं, कळंना त्याला."

"परत कसा देऊ?"

"चढून आनला, तसा उतरून द्या."

हेमाला पटलं. विलासला ते आधीच ठाऊक असावं. त्याने सायकल वर नेऊनही ठेवली होती. हेमाने पर्स उघडून पाहिली, किल्ली आतच होती.

झोपायच्या खोलीत पोचेस्तोवर तिला धाप लागली. वर गार वारा सुटला होता, पलंगाभोवती कारवी उगवली होती. खाली, उघड्या दारात, इंदूबाई बोटाएवढ्या दिसत होत्या.

"बस," विलास म्हणाला. "मी मागून सीट धरतो."

"घट्ट धरा."

तिने यंत्र सुरू केलं आणि ब्रेक सोडले. कपाट मागे गेलं, देवघर गेलं, मग दोन्ही बाजूंना नुसती भिंत, ओली, शेवाळलेली. यंत्रावरचे आकडे भराभर उतरत होते. दार मात्र जवळ येत नव्हतं. इंदूबाईंनी हात वर केला. थांबा म्हणत होत्या की या म्हणत होत्या, कळेना. हेमाने दोन्ही ब्रेक आवळले. चाकं थांबली, उतार चालूच राहिला.

"अहो, धरलंय ना?"

"धरलंय," विलास म्हणाला. आवाज फार वरून आला, पार माथ्यावरून.

सीटमागची पकड मात्र तेवढीच घट्ट होती.